ग्लायडिंगला जायचं तर अख्खा दिवस काढून जा

ग्लायडिंगला, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उडायला, जाणार असाल तर नुसती जॉयराइड घेऊन परत येऊ नका, अख्खा दिवस काढून जा. हे आधीच सांगून टाकते कारण ऑफिसमध्ये, बिल्डिंगमध्ये ज्याला ज्याला कळतं तो पहिलं हेच विचारतो की वर किती वेळ असता, आणि 5-6 मिनिटं म्हटलं की चेहरा पडतो, एवढ्यासाठी मुंबईहून पुण्याला? हो, एवढ्यासाठी. आणि ती 5-6 मिनिटं तर दिवसाचा एक तुकडा झाली, बाकी सगळा दिवस जमिनीवर जातो, उन्हात उभं राहून, ग्लायडर ढकलत, पंख धरून पळत, आणि माझं तर ठाम मत झालंय की ग्लायडिंग तिथेच कळतं.

पुढचा प्रश्न असतो की मुंबईत का नाही. मलाही हा प्रश्न बरीच वर्षं होता कारण आपल्याकडे जुहूचा विमानतळ आहे ना, 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते, म्हणजे उडण्याच्या बाबतीत आपलं शहर काही मागे नाही. पण एक तर मुंबईवरचं आकाश आता मोठ्या विमानांचं आहे, उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या विमानांची रांग संपतच नाही, त्यात बिनइंजिनाचं ग्लायडर कुठे घुसवणार. आणि दुसरं कारण मला जास्त आवडतं, ते म्हणजे आपली हवा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय ना आपण सगळे, दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो, रात्री उलटं. ग्लायडरला वर राहायला थर्मल लागतात, तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा, आणि किनाऱ्यावर ती जरा जोर धरते न धरते तोच खारा वारा येऊन गार हवेचा थर पसरवतो, संपलं. दुपारी शिवाजी पार्कात बसल्यावर जो वारा छान वाटतो तोच हा. घाट चढून वर गेलं की समुद्राचा हा हात फारसा पोचत नाही, कोरडी हवा, काळी जमीन, साडेपाचशे मीटरच्या वर असलेलं पठार, उन्हाळ्यात थर्मल उठायला अजून काय पाहिजे. म्हणून पुण्याचं हडपसर. तिथे डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, ग्लायडिंग सेंटर आहे.

तर मार्चमधला एक शनिवार सांगते. मी आणि माझी भाची, दादरहून पहाटेची इंद्रायणी, भाची कर्जत येईपर्यंत झोपलेली आणि घाट लागला की जागी, पुणे स्टेशनला पोहे आणि चहा, मग रिक्षा. पोहे अर्धी प्लेटच खायचे, का ते पुढे सांगते.

मैदानावर पोचल्यावर पहिलं काम असतं ग्लायडर हँगरमधून बाहेर काढायचं. दोन सीटचं ग्लायडर, शिकणारा पुढे आणि सर मागे. सुपर ब्लानिक म्हणून झेक बनावटीचं ग्लायडर असतं, त्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 16.2 मीटर आणि वजन रिकामं असताना तीनशे किलोच्या थोडंसं वर, म्हणजे चार-पाच माणसं ते आरामात ढकलतात. पण कुठेही हात लावून ढकलायचं नाही हा पहिला धडा. पंखाच्या मागच्या कडेला हलणारे भाग असतात त्यांना अजिबात हात नाही, कॅनोपीवर म्हणजे त्या पारदर्शक झाकणावर हाताने जोर द्यायचा नाही, आणि टोकाला एकच माणूस धरतो. टोकाला दोघांनी दोन बाजूंना जोर लावला तर मोठा पंख असल्याने मधल्या जोडावर किती ताण येतो ते सरांनी जमिनीवर काठीने काढून दाखवलं होतं आणि ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

मग रोजची तपासणी. याला माझ्या अंदाजाने अर्धा तास लागतो आणि मला हा अर्धा तास फार आवडतो. नाकापासून सुरुवात करून पूर्ण फेरी मारायची, पंखांच्या पिना बसल्यात का, त्यांना लॉक आहे का, चाकात हवा, पोटाखालचा हूक उघडतोय मिटतोय का, शेपटीचे जोड. त्यातली एक गोष्ट अशी की एकजण आत बसून स्टिक म्हणजे ग्लायडर वळवायची दांडी हलवतो आणि दुसरा बाहेर तो हलणारा भाग हाताने हलकेच धरून ठेवतो. स्टिकचा जोर हातापर्यंत पोचला पाहिजे. नुसतं हलतंय हे बघून भागत नाही कारण एखादा जोड अर्धवट बसलेला असेल तर मोकळं असताना हलेल पण हवेचा जोर आला की सुटेल. भाची बाहेर धरून उभी होती, मी आत, ती ओरडली, "मावशी, डावीकडे दे, आता उजवीकडे, सोडू नको," आणि मला एकदम जाणवलं की ही कॉलेजातली पोरगी आत्ता माझ्या जिवाची खात्री करतेय. हे फार मोठं आहे हो. आपण विमानात बसतो तेव्हा आपल्यासाठी हे सगळं कोण करतं ते कधी दिसतच नाही.

आता विंच. मैदानाच्या त्या टोकाला, साधारण किलोमीटरभर लांब, विंच उभं असतं, म्हणजे मोठं इंजिन आणि त्यावर स्टीलच्या केबलचा ड्रम. गाडीने केबल ओढत आपल्या टोकापर्यंत आणतात. केबलच्या टोकाला छोटं पॅराशूट, मग वीक लिंक, मग कड्या. वीक लिंक म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला धातूचा तुकडा, कारण विंचने गरजेपेक्षा जास्त ओढलं तर ग्लायडरचं काही तुटण्याआधी हा तुटला पाहिजे. प्रत्येक जातीच्या ग्लायडरसाठी तो वेगळ्या ताकदीचा, आणि रंगावरून ओळखायचा.

केबल जमिनीवर पडलेली असली तरी जिवंत आहे असं समजून वागायचं, ओलांडायची नाही, सांगितल्याशिवाय उचलायची नाही. ग्लायडरमध्ये बसलेला माणूस तयार होईपर्यंत पंखाचं एक टोक जमिनीवर टेकलेलंच असतं आणि तोच विंचवाल्यासाठी निरोप की अजून नाही. पंख उचलून सरळ केला की सगळ्या मैदानाला कळतं आता निघायचंय. हे पंख धरायचं काम ज्याच्याकडे असतं तो आधी मागे बघतो, वर बघतो, कोणी उतरायला येतंय का, मग पुढे. मग स्लॅक घ्यायचा, म्हणजे विंच हळू फिरवून ढिली केबल ताठ करायची, आणि केबल ताठ झाली, ग्लायडर जरासं हललं की ऑल आउट, म्हणजे विंचने पूर्ण जोरात ओढायचं. पंख धरणारा चार पावलं पळतो, मग त्याच्या हातातून पंख आपोआप सुटतो, कारण तोपर्यंत हवेने तो धरलेला असतो. ते सुटणं हाताला कळतं, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा पंख धरायला तयार असते.

आणि नियम असा आहे की मैदानावरचा कोणीही, अगदी आज पहिल्यांदा आलेलाही, "स्टॉप" ओरडू शकतो आणि ओरडला की सगळं थांबतंच. का ते नंतर विचारायचं. त्या शनिवारी भाचीच्या हातात पंख होता, केबल ताठ होत आलेली, आणि ही ओरडली स्टॉप! पंख खाली टेकवला. सगळे वर बघायला लागले तर डावीकडून बगळ्यांची एक रांग बरोब्बर चढायच्या वाटेवर येत होती, शांतपणे, एकामागे एक. मला तरी तोपर्यंत दिसली नव्हती कारण सगळ्यांचं लक्ष केबलकडे. कोणी तिला शाबासकीही दिली नाही आणि कोणी वैतागलंही नाही, बगळे गेले, परत पंख उचलला, परत स्लॅक. मला नंतर विचार करताना वाटलं की शाबासकी दिली नाही हेच बरोबर होतं, कारण थांबवणं हे तिथे रोजचं काम आहे. आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने मिटिंग थांबवून दाखवावी.

लाँचच्या मधल्या वेळात सावलीला बसून गप्पा होतात. एक जुने काका असतात, त्यांच्याकडून मला कळलं की भारतात बनवलेल्या ग्लायडर्सना नक्षत्रांची नावं दिली होती, अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. सिव्हिल एव्हिएशन खात्याच्या तांत्रिक विभागाने पन्नासच्या दशकापासून यातली बरीचशी तयार केली, पुढे एचएएलने म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आर्द्रा केलं. रोहिणीत दोघं शेजारी शेजारी बसायचे, पुढे-मागे नाही, 1961 ला ते पहिल्यांदा उडालं. काका म्हणाले, शेजारी बसलं की शिकवणाऱ्याचा चेहरा दिसायचा, तो गप्प असला तरी कळायचं आपलं कुठे चुकतंय. लाकडी ग्लायडर, कापड ताणून बसवलेलं. शाळेत आपल्याला उपग्रहांची नावं पाठ करायला लावतात, ही नावं का कोणी सांगत नाही कळत नाही, पोरांना रोहिणी नावाचं विमान होतं सांगितलं तर किती आवडेल.

माझा नंबर दुपारी लागला. दुपारीच लागावा असं मनात होतंच कारण सकाळी थर्मल नसतात, जमीन तापायला वेळ लागतो. पट्टे घट्ट, मग चेकलिस्ट मोठ्याने, स्टिक आणि रडर (पायाने फिरवायचा शेपटीचा भाग) मोकळे, उंचीमापक शून्यावर, एअरब्रेक म्हणजे पंखावर उघडणाऱ्या पट्ट्या बंद आणि लॉक, कॅनोपी बंद आणि लॉक. आणि शेवटी एक प्रश्न जो सर दर वेळी विचारतात, केबल तुटली तर काय करशील? उत्तर पाठ असून चालत नाही, ते हातात असावं लागतं. नाक खाली, आधी स्पीड, मग पुढे जागा असेल तर सरळ समोर उतरायचं, आणि पुरेशी उंची मिळाली असेल तरच छोटी फेरी. केबलवर ग्लायडर नाक वर करून चढत असतं, त्या क्षणी ओढ गेली तर स्पीड सेकंदा-दोन सेकंदात संपतो, म्हणून नाक खाली हे विचार न करता झालं पाहिजे.

मग लाँच. संक्रांतीला गच्चीवर पतंग चढवताना मांजा खेचला की पतंग कसा सूं करून वर जातो, तसंच आहे हे, फरक एवढाच की पतंगात आपण बसलोय. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद जमिनीवर खडखड, मग खडखड थांबते आणि नाक वर, आणखी वर, समोर जमीन दिसेनाशी होते, नुसतं आकाश, पाठ सीटमध्ये रुतलेली, शंभरच्या आसपास स्पीड. उंची मिळवायला अर्धा-पाऊण मिनिट, मग वर गेल्यावर ओढ कमी होते, नाक हळू खाली आणायचं आणि पिवळी मूठ ओढायची. दोनदा ओढायची, सवय म्हणून. खट्ट. केबल गेली, तिच्यावरचं छोटं पॅराशूट उघडतं आणि विंचवाले काका ती भराभर गुंडाळून घेतात. समजा मूठ ओढली नाही तरी केबल मागे खेचायला लागली की हूक आपोआप सुटतो, तशी त्याची रचना आहे.

आणि मग शांतता असं सगळे लिहितात, पण खरं सांगायचं तर आवाज असतो, वाऱ्याचा, आणि तो ऐकायचा असतो. स्पीड वाढला की आवाज वाढतो, आवाज मंदावला म्हणजे नाक वर गेलंय, काटा बघायच्या आधी कान सांगतो. कॅनोपीवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. एवढ्या सगळ्या यंत्रांत तो चार बोटं लांबीचा धागा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, ग्लायडर तिरकं जात असेल तर तो बाजूला जातो, उजवीकडे गेला तर डावा पाय. पंख लांब असल्याने वळताना नुसती स्टिक वापरली की नाक उलट्या बाजूला ओढलं जातं, म्हणून हात आणि पाय एकदम लागतात, आणि ते एकदम जमलं की धागा मधोमध शांत.

उंची साधारण तीनशे मीटर. काही मिळालं नाही तर ब्लानिक सेकंदाला मीटरपेक्षा जरासं कमी खाली येत राहतं, हिशोब करा, 5-6 मिनिटं, सगळे विचारतात ती हीच. सरळ जायचं म्हटलं तर वारा नसताना त्याचं प्रमाण 28 ला 1, म्हणजे एक किलोमीटर उंचीवरून 28 किलोमीटर, सीएसएमटीच्या वर किलोमीटरभर उंचीवर असाल तर भांडुपच्या आसपास पोचाल, इंजिनाशिवाय. हे मी लोकलमध्ये दारात उभी राहून बरेचदा मोजते.

त्या दिवशी ढग एकही नव्हता. कापसाच्या पुंजक्यासारखे ढग असले तर त्यांच्याखाली बहुतेक थर्मल असतो हे सोपं, पण कोरड्या दिवसात हवेत खूणच नसते, मग खाली बघायचं, नांगरलेलं काळं शेत, पत्र्याच्या शेड, आणि आजूबाजूला बघायचं पक्षी. सर म्हणाले, उजवीकडे वर बघ. दोन घारी. पंख न हलवता गोल फिरत होत्या आणि प्रत्येक गोलात वर जात होत्या. तिकडे गेलो, आधी हवा खाली बसली, व्हॅरिओचा, म्हणजे आपण किती वेगाने चढतोय-उतरतोय ते दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा खाली, म्हणजे थर्मलच्या कडेची उतरणारी हवा, सर म्हणाले थांब, सरळ ठेव. मग सीटखालून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं आणि उजवा पंख जरा उचलला गेला. पंख ज्या बाजूचा उचलला जातो तिकडे थर्मल, म्हणजे ज्या बाजूला वळू नको म्हणून हवा ढकलते नेमकं तिकडेच वळायचं. वळले. व्हॅरिओ जरा उशिरा सांगतो, सेकंदभर मागे असतो, त्याच्या आधी पाठीला कळतं. काटा वर एक, दीड, दोन मीटर सेकंदाला. घारी आमच्याच पातळीला होत्या, त्या ज्या दिशेने फिरत होत्या त्याच दिशेने आम्ही, हा नियम ग्लायडर-ग्लायडरमध्येही आहे की आधी जो आत आहे त्याच्या दिशेने फिरायचं. एक घार मान वळवून आमच्याकडे बघत होती, मी खोटं सांगत नाही, तिचा डोळा दिसला. परळला आमच्या गच्चीवरून मी आयुष्यभर घारी बघितल्यात आणि त्या वर काय करतात याचा कधी विचारच केला नव्हता, त्या तिथे हवा वाचत होत्या.

पंधरा-वीस मिनिटं राहिलो वर, इंजिन नाही, पेट्रोल नाही, फक्त जमिनीची गरमी. उंची हवी तेवढी घेता येत नाही, लोहगावचा विमानतळ जवळ आहे त्यामुळे हवेतल्या हद्दी पाळाव्या लागतात, म्हणून सरांनी सांगितल्यावर थर्मल सोडला. सोडताना जिवावर आलं.

उतरणं हे सगळ्यात गंभीर काम कारण दुसरी संधी नाही. विमानवाला उतरताना जमलं नाही तर इंजिन वाढवून परत वर जातो, आपल्याकडे ते नाही. मैदानाच्या बाजूने समांतर जायचं, मग बेस म्हणजे मैदानाकडे आडवं वळायचं, मग फायनल म्हणजे मैदानाच्या रेषेत सरळ खाली, आणि उंची जरा जास्तच ठेवायची कारण जास्तीची उंची एअरब्रेक उघडून घालवता येते, कमी पडलेली आणता येत नाही. सर याबद्दल नेहमी कॅनडाची गोष्ट सांगतात, 23 जुलै 1983 ला एअर कॅनडाच्या बोइंग 767 चं इंधन हवेतच संपलं, भरताना पाऊंड आणि किलोचा घोळ झाला होता, आणि कॅप्टन ग्लायडर उडवणारा होता म्हणून त्याने ते एवढं मोठं धूड तिरकं घसरवत उंची घालवून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. भाचीला ही गोष्ट इतकी आवडली की तिने वडिलांना फोन करून पूर्ण सांगितली.

एकाच चाकावर टेकलो, घसरत गेलो, थांबलो, पंख हळूच एका बाजूला कलला. आणि लगेच कॅनोपी उघडून उतरायचं आणि परत ढकलायला लागायचं, कारण पुढचा वाट बघतोय. पाणी प्यायलाही नंतर. नंतरची चार-पाच लाँच मी विंचच्या बाजूला होते, केबल आत घेताना पॅराशूट कुठे पडतंय ते बघायला, आणि वर कोण आहे ते ओळखून मनातल्या मनात त्याच्याबरोबर वळत होते.

सूर्य खाली आल्यावर ग्लायडर पुसायचं, पंखाच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने काढायचे, त्यांनीही हवा बिघडते पंखावरची. हँगर. लॉगबुकात नोंद आणि सरांची सही. मग स्वारगेट, दादरची शिवनेरी, आणि घरी पोचायला मध्यरात्र.

जाणार असाल तर आधी फोन करून त्या दिवशी फ्लाइंग आहे का ते विचारा, पावसाळ्यात फेरी फुकट जाईल. थर्मल बघायचे असतील तर फेब्रुवारी ते मे. बंद बूट घाला. टोपी मऊ आणि छोट्या काठाची, मोठ्या काठाच्या टोपीने वरचं आकाश झाकलं जातं आणि टोपीवर मध्ये बटण असेल तर धक्क्याने कॅनोपीला आणि डोक्याला दोघांना लागतं. भरपेट खाऊन बसू नका, थर्मलमध्ये गोल गोल फिरताना पोट ढवळतं, पण उपाशीही नको, आणि पाणी भरपूर. वजन कमी असेल तर लाजू नका, सांगा, पुढच्या सीटला ठरावीक वजन लागतंच, कमी पडलं तर वजनाच्या पट्ट्या ठेवतात. आणि पोचल्यावर माझा नंबर कितवा हे विचारायच्या आधी पंख धरायला कोण शिकवेल ते विचारा.